‘ओ’ दिसणारे, परंतु ‘ओ’ नसलेले रक्त



समजा, मुरबाड तालुक्यातील कोणीएक शेतकरी माळ्यावरून पेंढा काढीत असता खाली पडला. मांडीचे हाड मोडले, रक्तस्राव पुष्कळ झाला. मुरबाडास रेल्वे नाही. म्हणून गाडी करून त्यास कल्याणास आणले. डॉक्टर म्हणाले, “ह्यास रक्त दिले पाहिजे.” तेव्हा धाकटा भाऊ पुढे होऊन म्हणाला, “माझे घ्या. आम्ही एका आईची लेकरे आहोत. माझे रक्त ते त्याचे रक्त.” परंतु तपासणीअंती भावाचे रक्त जुळले नाही, आणि स्टेशनावर ओझी वाहणाऱ्या, कधी न पाहिलेल्या एका परजातीच्या मनुष्याचे जुळले. असे का व्हावे? खेड्यांतील लोकांस हे चमत्कारिक वाटते. कित्येकांस तर इस्पितळाच्या माणसांनी फसविले असाच संशय येतो. शिक्षकांस व उपदेशकांस असे प्रश्न वारंवार विचारण्यात येतात. यास्तव आजच्या धड्यात रक्तगटांचा, व विशेषतः आपल्या मुंबईच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या एका दुर्मिळ गटाचा विचार करू.

१. रक्तात काय असते?

प्रौढ मनुष्याच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यात पिवळसर असा पातळ भाग असतो, त्यास रक्तद्रव म्हणतात; आणि त्यात असंख्य तांबड्या पेशी तरंगत असतात. ह्या पेशी फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन सर्व शरीरास पोहोचवितात. त्या पुष्कळ नाहीशा झाल्या म्हणजे मनुष्य श्वास घेत असूनही शरीर गुदमरते. अशा वेळी दुसऱ्याच्या पेशी देण्यावाचून इलाज नसतो.

हा इलाज लोकांस पूर्वीच सुचला होता. १६६७ साली पॅरिस येथे झां देनी नावाच्या वैद्याने कोकराचे रक्त मनुष्याच्या अंगात घातले होते. पुढे मनुष्याचेच रक्त मनुष्यास देऊ लागले. परंतु काही रोगी बचावत व काही तत्काळ मरत. आणि ह्याचे कारण कोणासच कळेना. ते कारण व्हिएन्ना येथील कार्ल लांडस्टाइनर ह्यांनी शोधिले व १९०१ साली प्रसिद्ध केले. ह्या शोधाबद्दल त्यांस १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

२. चार गट

लांडस्टाइनर ह्यांनी आपले व आपल्या सोबत्यांचे रक्त घेऊन एकाच्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या. काही मिश्रणे जशीच्या तशी राहिली. काहींत पेशींच्या गुठळ्या झाल्या. ह्यावरून असे ठरले की तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात. ज्यांच्या पेशींवर ‘ए’ ही खूण असते त्यांचा गट ए. ‘बी’ असते त्यांचा बी. दोन्ही असतात त्यांचा एबी. आणि ह्या दोहोंपैकी एकही नसते त्यांचा ओ.

दुसरी गोष्ट अशी की, जी खूण आपल्या पेशींवर नाही तिच्याविरुद्ध आपल्या रक्तद्रवात प्रतिद्रव्य असते. ए गटाच्या मनुष्यात बीविरुद्ध असते, बी गटाच्या मनुष्यात एविरुद्ध, ओ गटाच्या मनुष्यात दोहोंविरुद्ध, आणि एबी गटाच्या मनुष्यात एकाहीविरुद्ध नसते. चुकीच्या पेशी अंगात आल्या की हे प्रतिद्रव्य त्यांवर तुटून पडते. पेशी फुटतात, थंडी वाजून ताप भरतो, पाठीत कळा येतात, लघवी काळसर होते, मूत्रपिंडे बंद पडतात, आणि मृत्यूही येतो. म्हणून रक्त चढत असता रोग्यास असे काही होऊ लागले तर जवळ बसणाऱ्याने तत्काळ नर्सबाईंस हाक मारावी. संकोच करू नये.

कोणाच्या पेशी कोणास चालतात हे पाठ करून ठेवण्याजोगे आहे. ए गटास ए व ओ. बी गटास बी व ओ. एबी गटास चारही. ओ गटास केवळ ओ. ह्याखेरीज १९४० साली लांडस्टाइनर व वीनर ह्यांनी आर-एच नावाची आणखी एक खूण प्रसिद्ध केली. आपल्या देशात बहुतेकांच्या पेशींवर ती असते. जिच्या पेशींवर ती नाही अशा स्त्रीचे मूल आर-एच खुणेचे निघाले, तर पुढच्या मुलास धोका पोहोचू नये म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला एक इंजेक्शन देण्याची रीत आहे. गरोदर स्त्रीचा गट आधीच तपासून घ्यावा तो ह्यासाठी.

आता त्या दोन भावांचे कोडे सुटते. आईबाप एकच असले तरी एका लेकराने ए घेतला व दुसऱ्याने बी, असे होऊ शकते. उलटपक्षी आगरी, कोळी, कुणबी, कातकरी, ठाकूर, ब्राह्मण, सिंधी, मुसलमान, ख्रिस्ती ह्या सर्वांत हेच चार गट आढळतात. कातकऱ्याचे बी रक्त सावकाराच्या बी रक्ताशी जुळते, आणि सावकाराच्या सख्ख्या मुलाचे कदाचित जुळत नाही. रक्ताने उच्चनीच ठरविणाऱ्यांनी रक्तपेढीच्या मेजापाशी एकदा उभे राहून पाहावे.

३. १९५२ सालचा मुंबईचा शोध

ओ गटाच्या पेशींवर एकही खूण नसते असे वर सांगितले. ते पुरते खरे नाही. ए व बी ह्या खुणांच्या खाली आणखी एक खूण असते, तिला ‘एच’ म्हणतात. घर बांधताना आधी जोते घालतात व मग भिंती उभारतात. एच हे जोते होय. त्यावर ए अथवा बी ह्यांची भिंत चढते. ओ गटाच्या मनुष्यापाशी भिंत नसते, पण जोते असते.

मुंबईत काही माणसांच्या पेशींवर हे जोतेच नाही असे आढळून आले. परळ येथील के. ई. एम. इस्पितळाशी जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे, व त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया ह्यांनी लंडन येथील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स ह्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने हा शोध १९५२ साली ‘लान्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केला. तेव्हापासून ह्या गटास जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणतात. पुढे १९५७ साली मुंबईत रक्तगटांच्या अभ्यासाकरिता एक खास केंद्र स्थापन झाले. तेच आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून के. ई. एम. च्या आवारात काम करीत आहे.

ह्या गटाच्या मनुष्याची अडचण ध्यानात घ्या. त्याच्या पेशींवर ए नाही व बी नाही. म्हणून वरवरच्या तपासणीत तो ‘ओ’ ठरतो. परंतु त्याच्या रक्तद्रवात ए, बी व शिवाय एच ह्या तिहींविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. एच तर ओ गटाच्या पेशींवर सर्वांत अधिक असते. म्हणून ‘ओ सर्वांस चालते’ असे म्हणून त्यास ओ रक्त दिले, तर ते त्याचा घात करील. त्यास केवळ दुसऱ्या बॉम्बे गटाच्या मनुष्याचेच रक्त चालते. युरोपात दहा लाखांत एखादाच मनुष्य ह्या गटाचा असतो असे सांगतात. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक. म्हणजे लाखो वस्तीच्या ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या शहरांत असे कित्येक लोक असले पाहिजेत. आणि त्यांतील पुष्कळांस आपण कोण आहो ह्याची वार्ताही नसेल.

हा गट कसा ओळखतात? पेशी तपासणे हा अर्धा भाग झाला. रक्तद्रवही तपासावा लागतो. माहीत असलेल्या ए, बी व ओ पेशी घेऊन त्या रोग्याच्या रक्तद्रवात मिसळतात. खऱ्या ओ गटाच्या रक्तद्रवात ओ पेशींस काही होत नाही. बॉम्बे गटाच्या रक्तद्रवात त्यांच्याही गुठळ्या होतात. शेवटी जे रक्त द्यावयाचे त्याची व रोग्याच्या रक्ताची प्रत्यक्ष जुळणी करून पाहतात. तिला वेळ लागतो तो ह्याचसाठी. “गट तर कार्डावर लिहिला आहे, मग उशीर का?” असे म्हणून रक्तपेढीच्या माणसांशी भांडणारा नातलग आपल्याच रोग्याचे अहित करीत असतो.

ह्या तपासणीत वनस्पतींचाही उपयोग होतो. गॉर्स नावाच्या एका विलायती काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क एच ही खूण दाखवितो. आणि आपल्या कोकणात ज्या कुळथाचे पिठले घरोघर होते, त्या कुळथाच्या अर्काने ए गटातील एक मोठा पोटगट ओळखता येतो. हे बर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९५१ साली दाखवून दिले.

४. हा गट घराण्यात कसा येतो?

प्रत्येक गुणाचे दोन वाटे मुलास मिळतात, एक बापाकडून व एक आईकडून. एच बनविणारा एक जरी वाटा चांगला असला तरी जोते बनते. दोन्ही वाटे निकामी असले तरच ते बनत नाही. आईबाप दोघांपाशी एकेक निकामी वाटा असेल तर ते स्वतः सामान्य गटाचे दिसतात, पण त्यांच्या प्रत्येक मुलास बॉम्बे गट येण्याचा संभव चारांत एक इतका असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल पुष्कळ ज्ञातींत आहे. अशा जोडप्याचे आजाआजी एकच असतात. त्यांच्यापाशी असलेला निकामी वाटा दोन वाटांनी येऊन नातवंडांच्या लेकरात एकत्र होऊ शकतो. ह्यावरून एक उपयोगी गोष्ट निघते : घरात एक मनुष्य बॉम्बे गटाचा निघाला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त अवश्य तपासावे. जुळणारे रक्त मिळण्याची आशा सर्वांत अधिक तेथेच असते.

५. आईवर संशय घेऊ नये

आता एक नाजूक गोष्ट सांगतो. शाळेच्या पुस्तकात असते की आई ओ गटाची असली तर मूल एबी गटाचे होऊ शकत नाही. समजा, बाप ए गटाचा, आईच्या कागदावर ‘ओ’, आणि मूल एबी निघाले. घरात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतो मूल इस्पितळात बदलले. कोणी त्याहून वाईट बोलतो. आणि त्या बाईचे जिणे कठीण होते. परंतु आई बॉम्बे गटाची असू शकते. तिच्या ठायी बीचा वाटा आहे, पण जोते नसल्यामुळे तो प्रकट होत नाही. मुलास बापाकडून ए व जोते मिळाले, आईकडून बी मिळाला. आणि दोन्ही भिंती उभ्या राहिल्या. मूल तिचेच आहे व त्या बापाचेच आहे. कागदाच्या एका तुकड्यावरून स्त्रीच्या शीलाचा निवाडा करणाऱ्यांनी आधी मोठ्या रक्तपेढीत पुरती तपासणी करवावी. ह्या अज्ञानाने एकही घर मोडू नये, एवढ्यासाठी हा धडा लिहिला तरी श्रम सफळ झाले असे आम्ही समजू.

६. आपण काय करावे?

रक्त कारखान्यात होत नाही. मनुष्यानेच मनुष्यास द्यावे लागते. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांकडून ते घेण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. १८ ते ६५ वर्षे वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा व हिमोग्लोबिन १२.५ हून कमी नसलेला निरोगी मनुष्य रक्त देऊ शकतो; पुरुषाने तीन महिन्यांनी व स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा द्यावे. एका वेळी ३५० अथवा ४५० मिलिलिटर घेतात. त्यातील पाण्याचा भाग एकदोन दिवसांत भरून निघतो व पेशी काही आठवड्यांत. रक्त दिल्याने कायमची अशक्तता येते ही समजूत खोटी आहे.

घेतलेले रक्त फार दिवस टिकत नाही; तांबड्या पेशी थंड पेटीत ३५ ते ४२ दिवस राहतात. म्हणून एकदाच मोठे शिबिर भरवून वर्षभर स्वस्थ बसणे उपयोगाचे नाही. मे महिन्यात चाकरमाने गावी जातात, तेव्हा शहरांतील रक्तपेढ्यांस तुटवडा पडतो. कल्याणाशेजारच्या उल्हासनगराचा विचार करा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तेथील लष्करी छावणीत वसली. सिंधी समाजात थॅलेसेमिया ह्या आनुवंशिक रोगाचे वाहक अधिक आढळतात. आणि ज्या लेकरास हा रोग जडला त्यास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. अशा लेकराची आई मे महिना म्हणून थांबू शकत नाही.

बॉम्बे गटाच्या मनुष्याने आपले नाव रक्तपेढीत नोंदवून ठेवावे, गटाचा कागद सदैव जवळ बाळगावा, आणि शस्त्रक्रिया अथवा बाळंतपण ठरले असता डॉक्टरांस महिनेमहिने आधी सांगावे. म्हणजे त्याचे स्वतःचे रक्त साठविता येते किंवा दुसरा दाता शोधता येतो. त्याने मात्र बोलावणे आल्यावाचून सहज रक्त देऊन टाकू नये. ज्यास दुसरे चालतच नाही अशासाठी ते राखून ठेवावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सख्ख्या भावाचे रक्त जुळत नाही, असे का होते?
२. बॉम्बे गटाच्या रोग्यास ओ रक्त दिले असता काय होईल व का?
३. पेशींबरोबर रक्तद्रवही का तपासतात?
४. कागदावर ओ गट असलेल्या आईचे मूल एबी गटाचे कसे होऊ शकते, हे जोते व भिंत ह्या दृष्टांताने शेजाऱ्यास समजावून सांगा.
५. आपल्या गावात रक्त देण्याजोगे किती जण आहेत? त्यांतील किती जणांनी आजवर दिले आहे? एक यादी करून जवळच्या रक्तपेढीस कळवा.