मागचा रोल बार जाड करण्याआधी

गाडी वळली की बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते. हे झुकणं कमी करणाऱ्या स्टीलच्या दांड्याला अँटी-रोल बार किंवा स्वे बार म्हणतात. मागचा बार जाड टाकला की छोटी गाडी 'रेसिंग'सारखी वळते, असं हॉस्टेलवर नेहमी ऐकू येतं. ते कितपत खरं आहे ते पाहू.

एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की बार पिळला जातो आणि बॉडीला सरळ करू पाहतो. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे भरीव बार १४ मिमीचा १६ केला, तर कडकपणा सुमारे १.७ पट होतो. फरक फक्त दोन मिलिमीटरचा!

पण बार पकड वाढवत नाही, फक्त वजनाची वाटणी बदलतो. मागचा बार कडक झाला की मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो, आतलं चाक हलकं होतं आणि मागच्या दोन चाकांची मिळून पकड घटते. कंपनीची गाडी जास्त वेगात सहसा पुढून बाहेर जाते; ॲक्सिलरेटर सोडला की सावरते. जाड बारवाली गाडी ॲक्सिलरेटर सोडल्यावरच मागून घसरू शकते. कोरड्या रस्त्यावर हे जाणवणारही नाही, पण पावसात करंजी घाटात?

म्हणून आधी टायर, हवा, शॉक ॲब्सॉर्बर आणि जुने बुश तपासा. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो. तरीही बार बदलायचाच असेल तर:

१) गाडीखाली बघा. अनेक छोट्या गाड्यांत मागे वेगळा बार नसतो. ट्विस्ट बीमच ते काम करतो. त्याला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. त्याच मॉडेलसाठी बनवलेला किट घ्या.

२) हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांना असतो; ती उचलल्यावर तो गाडी रोखत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. दोन्ही बाजूंना स्टँड हवेत. मागची चाकं समान उंचीवर ठेवा, नाहीतर बोल्ट काढताच पिळलेला बार उसळतो.

३) बोल्ट मॅन्युअलप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा. ब्रेक होज आणि केबल घासत नाहीत ना ते बघा. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. त्यामुळे आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा.

आपल्या नगरच्या व्हीआरडीईत गाड्या टेस्ट ट्रॅकवर तपासल्या जातात. आपल्याकडे ट्रॅक नाही, आणि घाट म्हणजे ट्रॅक नव्हे. रिकाम्या मैदानावर परवानगी घेऊन, एकट्याने, कमी वेगात गाडी चालवून बघा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. हॉस्टेलवर एकाची गाडी दहा जण नेतात. चावी देताना बार बदललाय हे जरूर सांगा. गाडीची सवय तुम्हाला झालेली असते, त्याला नाही.