मोहोळाच्या मेणाची बत्ती : ती घरीं कशी करावी व मेण कोणतें घ्यावें



दुकानांतून आपण जी पांढरी मेणबत्ती आणितों, तिला मेणबत्ती म्हणतात खरें, परंतु तिच्यांत मोहोळाचें मेण बहुधा मुळींच नसतें. ती खनिज तेलापासून निघणाऱ्या पॅराफिनची केलेली असते. खरें मेण मधमाशीच्या अंगांतून निघतें, आणि तें आपल्यापासून दूर नाहीं. संगमनेराहून प्रवरेच्या कांठानें अकोल्याकडे वर गेलें म्हणजे कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड हे डोंगर लागतात. तेथील कड्यांवर व उंच झाडांवर आग्या माशी आपलें मोठें पोळें लोंबत ठेविते. आपल्या बांधावरील झुडपांत फुलोरी माशीचें लहानसें पोळें असतें. ह्या पोळ्यांतील मध आपण पिळून घेतों आणि चोथा फेंकून देतों. मेण त्या चोथ्यांतच असतें.

मेण म्हणजे काय, हें प्रथम समजून घ्यावें. कामकरी माशी सुमारें १२ ते १८ दिवसांची झाली म्हणजे तिच्या पोटाखालच्या ग्रंथींच्या चार जोड्यांतून मेणाचे बारीक पापुद्रे निघूं लागतात. ते ती तोंडानें चावून मऊ करिते व त्यांची षट्‌कोनी घरें बांधिते. एक किलो मेण होण्यास माशांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा साधारण अंदाज आहे. तेव्हां मेण हें माशांचें घर आहे, व त्याची किंमत त्यांनीं आधींच भरलेली आहे. तें फुकट मिळतें असें कोणीं समजूं नये.

आतां मेण कोणतें घ्यावें? आग्या माशीच्या पोळ्यांत मध वरच्या भागीं, फांदीजवळ असतो, आणि त्याच्या खालीं अंडीं व अळ्या असतात. जो मनुष्य पेटता टेंभा लावून माशा जाळितो व सबंध पोळें उतरवितो, तो मधाबरोबर पुढची पिढीही मारितो. शिवाय अळ्यांसह पिळलेला मध लवकर आंबतो. जाणता मनुष्य नुसता धूर देतो, मधाचा भाग तेवढा कापितो व पिलांचा भाग तसाच राहूं देतो. असें केल्यास माशा बहुधा तेथेंच राहून पुन्हां मध भरतात. कांद्याच्या बियाण्याचें पीक माशा फुलांवर आल्यावांचून नीट भरत नाहीं, आणि आपल्या डाळिंबाच्या बागांसही माशांचें साहाय्य होतें. म्हणून ज्यानें मोहोळ जाळिलें, त्यानें शेजाऱ्याच्या शेताचेंही नुकसान केलें.

पोळें न मोडितां मध काढण्याची युक्ति लँगस्ट्रॉथ नांवाच्या एका अमेरिकन पाळकानें शोधून काढिली. पेटींत चौकटींच्या भोंवतीं सुमारें ९ मिलीमीटर जागा मोकळी ठेविल्यास माशा ती मेणानें भरीत नाहींत, हें त्याच्या १८५१ सालीं ध्यानांत आलें. त्यामुळें चौकटी मोकळ्या राहून उचलतां येऊं लागल्या. पुढें १८५७ सालीं जर्मनींत मेरिंग ह्यानें षट्‌कोनांचा ठसा उमटविलेले मेणाचे पत्रे केले. हे तयार पत्रे मिळाल्यास ते उन्हांत किंचित् मऊ करून वातीभोंवतीं गुंडाळावे, म्हणजे चुलीवांचून बत्ती होते. आग्या माशी पेटींत राहत नाहीं, सातेरी राहते. तिचें पालन शिकण्यास महाबळेश्वर येथें खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय आहे, व पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वराजवळील मांघर हें २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून प्रसिद्धीस आलें.

ज्यांस पत्रे मिळत नाहींत त्यांनीं पुढीलप्रमाणें करावें.

१. चोथा रात्रभर पाण्यांत भिजवावा, म्हणजे उरलेला मध निघून जातो. मग तो जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून पाण्याच्या भांड्यांत घालावा व वर दगड ठेवावा. भांडें स्टीलचें असावें. लोखंडाच्या भांड्यांत मेण काळवंडतें. विहिरीचें पाणी जड असल्यास पावसाचें घ्यावें.

२. मंद आंच द्यावी. मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतें व फडक्यांतून निघून पाण्यावर तरंगतें. भांडें गोणपाटानें झांकून रात्रभर निवूं द्यावें. सकाळीं मेणाची वडी निघेल. तिच्या खालची घाण खरवडून टाकावी.

३. कापसाच्या सुताचे तीन पदर वेणीसारखे घालून वात करावी, ती वितळलेल्या मेणांत बुडवून सरळ ताणून सुकवावी.

४. स्वच्छ मेण एका डब्यांत घालून तो डबा गरम पाण्याच्या भांड्यांत ठेवावा. सपाट बुडाचें ताट कोमट करून साबणाच्या पाण्यानें पुसावें व त्यांत मेणाचा दोन मिलीमीटर जाडीचा थर ओतावा.

५. थर कातड्यासारखा मऊ असतांनाच १५ सेंटीमीटर रुंद व १६ सेंटीमीटर लांब तुकडा कापून उचलावा. रुंदीच्या कडेवर वात ठेवून, मध्यें हवा न राहील असा घट्ट गुंडाळावा व शेवटची कड बोटानें दाबावी. पत्रा निवून तडकूं लागल्यास त्यास ऊन दाखवावें.

ह्या मापानें दोन सेंटीमीटर जाडीची बत्ती होते व तीस सुमारें ४६ ग्रॅम मेण लागतें. म्हणजे एका किलोंत वीस बत्त्या सहज होतात. पहिली बत्ती लावून पाहावी. ज्योत मेणांत बुडूं लागली तर वात बारीक झाली, धूर निघूं लागला तर जाड झाली. त्याप्रमाणें पुढच्या वाती सुधाराव्या. कांहीं आठवड्यांनीं बत्तीवर पांढरी भुकटी दिसेल. ती बुरशी नव्हे. मऊ फडक्यानें पुसली म्हणजे जाते.

एक सूचना फार महत्त्वाची आहे. मेणाचें भांडें उघड्या आंचेवर कधींही ठेवूं नये, आणि तें चुलीवर सोडून उठून जाऊं नये. मेणानें पेट घेतलाच तर त्यावर पाणी ओतूं नये. पाण्यानें पेटतें मेण उडून माणूस भाजतो. झांकण टाकावें व आंच बंद करावी. मुलांस गुंडाळण्याचें काम द्यावें, वितळविण्याचें देऊं नये.

आज बहुतेक घरीं विजेचे दिवे आहेत. परंतु वीज जाते तेव्हां, आणि नाताळाच्या रात्रीं, ही बत्ती उपयोगीं पडेल. ती लावितांना मुलांस तिचें मेण कोठून आलें व पोळ्याचा कोणता भाग आपण सोडून दिला, तें अवश्य सांगावें.

पाठावरील प्रश्न

१. मेण माशीच्या कोणत्या भागांतून निघतें?
२. आग्या माशीच्या पोळ्यांत मध कोठें व अळ्या कोठें असतात?
३. पेटत्या मेणावर पाणी कां ओतूं नये?
४. आपल्या गांवीं पोळीं कोण उतरवितो? पिलांचा भाग सोडण्याविषयीं त्याच्याशीं आपण कधीं बोललों आहों काय?