आधी माशाचं तोंड बघ, मग रोप निवड

बाळा, हौद बांधून झाला, पाणी भरलं. आता त्यात कोई मासे सोडायचे आणि वर कमळ फुलवायचं असं तुझ्या मनात आहे. दोन्ही जमतं. पण बिदरच्या किंवा उदगीरच्या रोपवाटिकेत जाऊन डोळ्यांना आवडेल ते उचलून आणू नकोस. कोई काय खातो, कसं खातो, हे आधी नीट समजून घे. रोपांची निवड त्यावरूनच करायची असते.

कोई आपल्याला अनोळखी नाही. बाजारात सायप्रिनस म्हणून जो मासा आपण किलोवर घेतो, त्याचाच हा रंगीत भाऊबंद. जपानच्या निइगाता भागातली डोंगरातली भातशेती करणारी माणसं खाण्यासाठी तो पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी त्यातली रंगीत निघालेली पिल्लं निवडून वेगळी वाढवली आणि 1914 मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा ती साऱ्या जपानला माहीत झाली. म्हणजे मूळचा हा शेतकऱ्याचाच मासा. आपल्या देशात सायप्रिनस 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला, पुढे 1957 मध्ये बँकॉकहून दुसरा वाण आला, आणि तिथून तो गावोगावच्या तळ्यांत पोचला. ज्यांनी तो तळ्यात पाळला त्यांना विचार, तळाचा गाळ तो सतत उकरत असतो. ओठाजवळच्या मिशांनी चाचपतो, तोंडभर गाळ ओढतो, खाण्याजोगं ठेवून बाकीचं थुंकतो. त्याला जठर नसतं, म्हणून एकदाच पोटभर न खाता दिवसभर थोडं थोडं खात राहतो. दात घशात असतात, कोवळी पानं तिथं भरडली जातात. रंग बदलला तरी कोईची ही सवय गेलेली नाही.

त्यामुळे तळाच्या मऊ गाळात नुसतं खोचलेलं कुठलंही रोप आठवडाभर टिकायचं नाही. हायड्रिलासारखं पाण्याखालचं गवत तर कोईचं जेवणच. ते शोभेसाठी लावू नकोस, खाद्य म्हणून जरूर टाक. पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक पानांचं डकवीडही तसंच. मागच्या दारी एका वेगळ्या टाकीत ते वाढव आणि चाळणीनं काढून रोज मूठभर दे. त्यात प्रथिनं भरपूर असतात, विकतच्या खाद्यात बचत होते आणि मासा आवडीनं खातो. जपानमधले बरेच जाणते लोक कोईच्या हौदात एकही रोप ठेवत नाहीत, यामागचं एक कारण म्हणजे कोईची ही खाण्या-उकरण्याची सवय. आपल्याकडचं ऊन पाहता मी तेवढं टोक गाठणार नाही. आपल्याकडे पाण्यावर सावली हवीच.

सूनबाईंना कमळ हवंय, तर कमळापासूनच सुरुवात कर. कमळ आणि कुमुद यांत गल्लत करू नकोस. कमळाचं पान गोल, देठावर पाण्याबाहेर उभं राहतं आणि त्यावर पाणी ठरत नाही. कुमुदाचं पान चिरलेलं, पाण्यावर पसरून राहतं. कोईच्या हौदाला कुमुद जास्त उपयोगाचं, कारण सावली पडते ती पसरलेल्या पानांची. कमळाची नवी पानं मात्र आधी तरंगतात आणि मग वर येतात. त्या कोवळ्या दिवसांत कोई ती कुरतडतो. दोन्हीला भोक नसलेला रुंद गोल टब घे. कमळाचा कंद जमिनीत पळत जातो, कोपरा असला की तिथं अडकून कुजतो, म्हणून गोल. माती आपली काळीच घाल. ती जड, चिकट असते, पाण्यात लवकर विरघळत नाही. शेणखत अजिबात मिसळू नकोस. ते पाण्यात कुजून अमोनिया होतो आणि माशाचे कल्ले जळतात. कंद आडवा ठेव, त्याचा कोंब मातीबाहेर राहू दे. कोंबाजवळची जागा सोडून बाकी मातीवर मुठीएवढे गोल गोटे पसर. बारीक खडी घातलीस तर कोई ती तोंडात घेऊन इकडची तिकडे करेल, आणि एखादा खडा तोंडात अडकून बसला तर मासा हातचा जाईल. गोटे हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त काम आणि सर्वांत जास्त लोक तेच टाळतात. कळ्या येऊन पानं जून होईपर्यंत टबाभोवती जाळीचा कठडाही कर.

बाकीची रोपं काठावर लाव, माशाच्या तोंडापासून दूर. वेखंड मला सगळ्यांत विश्वासाचं वाटतं. पाय पाण्यात बुडालेले त्याला चालतात, उग्र वासामुळे कोई सहसा त्याच्या वाटेला जात नाही, आणि घरात बाळ असलं की त्याचा कंद उगाळायलाही कामी येतो. आपल्याच कर्नाटकात तुमकूरकडे कोरटगेरे भागात त्याची शेती होते, रोप मिळणं अवघड नाही. अळू तर मोरीच्या पाण्यावर आपोआप वाढतं. त्याच्या पानात घशाला खवखवणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, मासाही त्याला फारसं तोंड लावत नाही. कर्दळ आणि वाळाही ठेव. ही चारही रोपं माशाच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारं नत्र मुळांनी ओढून घेतात, नाहीतर तेच नत्र शेवाळ खाऊन पाणी हिरवं करतं. हौदाशेजारी एक उथळ आळं करून त्यात खडी भर, पंपाचं पाणी त्यातून फिरवून परत हौदात सोड, आणि ही रोपं त्या आळ्यात लाव. मुळांपर्यंत मासा पोचत नाही, पाणी मात्र मुळांतूनच जातं. मला विचारशील तर कोईच्या हौदात रोपं लावण्यापेक्षा हे आळं करण्यात जास्त शहाणपण आहे.

पाणकणीस लावू नकोस. त्याचे जमिनीखालचे टोकदार कोंब प्लॅस्टिक फोडतात. सरकारच्या कृषी भाग्य योजनेतल्या शेततळ्यात, म्हणजे होंड्यात, प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, तिथं तर मुळीच नको. बांधावरची बेशरम काठावर येऊ देऊ नकोस, आणि कण्हेर कितीही सुंदर दिसली तरी हौदापासून लांब ठेव. तिची पानंफुलं विषारी असतात, पाण्यात पडून कुजली की मासे मरू शकतात.

जलपर्णीविषयी मी तुला स्पष्टच सांगतो. कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. तिची लोंबती मुळं कोई आवडीनं खातो हे खरं, म्हणून लोक मोहात पडतात. पण दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती गरम दिवसांत पंधरवड्यात दुपटीवर जाते. पुण्याकडची इंद्रायणी, कोल्हापूरची पंचगंगा तिनं कशी झाकली ते तू पाहिलं आहेस. आपला पावसाळ्यातला ओढा शेवटी मांजरा नदीलाच मिळतो. तुझ्या हौदातून एक गड्डा वाहून गेला तर खालच्या गावांचं पाणी अडेल, आणि ते आपल्या नावावर जाईल. सांडव्याला बारीक जाळी लाव. जाळीमुळे कोईही ओढ्यात जाणार नाही. ओढ्यानाल्यातल्या देशी माशांची वीण त्याच्या गाळ उकरण्यानं बिघडते.

आता उन्हाचं सांगतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशाला तो साडेसातच राहतो. त्यात एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. रोपं दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री माशासारखीच तो वापरतात. म्हणून हौद रोपांनी गच्च भरला तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. पाण्याचा निम्म्याहून जास्त भाग पानांनी झाकू देऊ नकोस. रात्री हवेचा पंप चालूच ठेव, आणि वीज जाते हे गृहीत धरून बॅटरीवर चालणारा एक लहान पंप आधी घे, मग दहावा कोई घे. हौद चार फुटांपेक्षा उथळ असेल तर आताच खोल कर.

रोप कुठूनही आण, थेट हौदात टाकू नकोस. फवारलेल्या सोयाबीन-तुरीच्या बांधावरून तर आणूच नकोस. काही कीटकनाशकांचा एक थेंबही माशाला पुरतो. गावतळ्यातून आणलंस तर गोगलगाई, जळवा, माशाला चिकटणारे किडे बरोबर येतात. मुळांची माती धुऊन टाक, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडव, स्वच्छ पाण्यानं धू, आणि मग तीन आठवडे मासा नसलेल्या टाकीत राहू दे. हा वेळ सांभाळणं कंटाळवाणं वाटेल. तरीही सांभाळ.

आणि क्रम उलटा करू नकोस. टब, आळं, काठाची रोपं पाडव्याच्या सुमारास लाव, उन्हाळ्यात त्यांना पानं फुटू दे. मासे श्रावणानंतर आण, तेही आधी दोन लहानच. तोवर मुळांनी माती धरलेली असेल. आणलेल्या दोघांनी कुमुदाच्या देठाचं काय केलं ते महिनाभर बघ, आणि त्यावरून बाकीच्यांचा आकडा ठरव.