ताप उतरला, पण माणूस बरळतंय? सकाळची वाट बघू नका

तायांनो, जखमेत पू झाला की आपण म्हणतो, "सेप्टिक झालं." सेप्सिस ही त्याच्या पुढची गोष्ट. पायात मोडलेला काटा असो, लघवीची जळजळ असो की न्यूमोनिया, जंतुसंसर्गाशी लढता लढता शरीराचा तोल सुटतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू बिघडायला लागतात. कधी कधी काही तासांतच.

ओळखायचं कसं? नुसत्या तापावर जाऊ नका. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. आधी श्वास मोजा. माणूस निवांत पडलेलं असताना पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते बघा. मोजतोय हे सांगू नका, नाहीतर श्वास बदलतो. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 भरतात. 22 किंवा जास्त भरले तर धोका समजा.

मग बोलणं बघा. सासूबाई घरच्यांची नावं चुकतायत, बरळतायत, उठवलं तरी परत झापड येते. अशा वेळी कुणीतरी "बाहेरचं झालंय" म्हणतंच. अंगारा लावायचाच असेल तर गाडीत लावा, पण गाडी आधी बोलवा! सकाळपासून लघवी झाली नाही किंवा अगदी थोडी झाली, हेही वाईट लक्षण.

संसर्ग आणि यातलं एक जरी दिसलं, तर 108 ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना आणि बाळंतिणींना जास्त जपा. बाळंतपणानंतर 42 दिवसांत ताप आला किंवा अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

तिथे गेल्यावर स्पष्ट सांगा, "जखम चार दिवसांची आहे, श्वास मिनिटाला 26 आहेत, रात्रीपासून बरळतेय. सेप्सिस तर नाही ना?" डॉक्टर रक्त तपासतात, शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाईन देतात, लागला तर ऑक्सिजन लावतात. रक्तदाब खूप खाली गेला असेल तर अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. म्हणून गावातच एक सलाईन लावून रात्र काढणं किंवा घरातल्या उरलेल्या गोळ्या देणं जिवावर बेतू शकतं.

पैशासाठी बरेचदा उशीर होतो. तातडीच्या आजारपणात बैठकीची वाट न बघता, अध्यक्ष-सचिवांच्या सहीने कर्ज देता येईल असा ठराव तुमच्या गटात झालाय का, ते बघून ठेवा. पुढच्या बैठकीला सेकंदकाट्याचं घड्याळ आणा, एकमेकींचे श्वास मोजून बघू.