जनावरांचा दवाखाना पारखावा कशावरून?

प्रश्न : आमच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्याला नवी इमारत मिळाली. आतल्या सोयी पुरेशा आहेत का, हे पशुपालकाने कसे ओळखावे?

उत्तर : भिंतींच्या रंगापेक्षा आधी लशींचा फ्रिज पाहा. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. उन्हाने ती बिघडते, तशीच गोठली तरी वाया जाते. म्हणून बाटल्या बर्फाच्या कप्प्याला टेकलेल्या नसाव्यात आणि तापमानाची नोंदवही रोज भरलेली असावी. दुसरी पाहण्याची वस्तू म्हणजे कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचे नत्रपात्र. आतला द्रव नत्र उणे १९६ अंशांचा असतो आणि सतत उडत राहतो. पात्रात पट्टी बुडवून बाहेर काढली, की जिथवर पांढरे हिव चढते तेवढा नत्र शिल्लक आहे असे समजावे. अंगणातला खोडाही हलवून बघा. तो डळमळीत असेल तर गाभण तपासणीत जनावर आणि डॉक्टर दोघांनाही इजा होऊ शकते.

‘डॉक्टर हुशार असले की बाकीचे चालते,’ असे काहीजण म्हणतील. पण बिघडलेली लस बहुधा नुसत्या नजरेला ओळखू येत नाही, आणि कितीही कसबी हाताने टोचली तरी ती जनावराला वाचवत नाही. खेड्यात वीज जाते, हेही खरेच. म्हणूनच वीज गेल्यावर लशी कुठे ठेवता, हा प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारा. त्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. उलट, त्यांनी मागितलेल्या साधनांना गावाचे पाठबळ मिळते.