मागच्या ट्रॉलीला ब्रेक नसतो

परदेशात लोक आख्खं घर गाडीला जोडून सुट्टीवर निघतात. आमच्या महाड-पोलादपुरात ट्रॅक्टरच्या मागे चिरे, पेंढा, सिमेंट आणि भाद्रपदात गणपती. ओढायचं काहीही असो, मुंबई-गोवा महामार्गावर काही गोष्टी पाळाव्याच लागतात.

१. पिन बसली म्हणजे ट्रॉली जोडली असं नाही. पिनीच्या खालच्या टोकाला क्लिप हवी. क्लिप हरवली की पोरं तार गुंडाळतात. खड्ड्यांत ती झिजून तुटते. शिवाय साखळी लावायचीच. वळणावर ताणणार नाही इतकी सैल, पण रस्त्याला घासणार नाही इतकी वर.

२. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या-उजव्या चाकाची वेगळी. चिखलणीत जागच्या जागी वळायला ती सोय उत्तम. डांबरावर मात्र दोन्ही एकत्र अडकवलेली पाहिजेत, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. शेतातून थेट हायवेला लागणारा हे हमखास विसरतो.

३. आता उतार. हे नीट वाचा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर. कशेडी घाटातून धामणदेवी, चोळईकडे उतरताना भरलेली ट्रॉली मागून रेटते. वळणात कचकन ब्रेक मारला, की ट्रॉली बाजूला निघते आणि दोन्ही कात्रीसारखी मिटतात. म्हणून वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी करायचा. जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला, आणि तोही उतार सुरू होण्याआधी टाकायचा. मध्येच बदलायला गेलात आणि पडला नाही, तर संपलं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा, सोडायचा. तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही.

नवीन पोरगा विचारतो, "काका, न्यूट्रल करू? डिझेल वाचेल."
"डिझेल माझ्या पैशाचं आहे. गिअर काढू नकोस."

क्लच दाबून उतरणं हेही न्यूट्रलच, हे मात्र पटवून द्यावं लागतं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून बऱ्याच गाड्या भोगावहून आतूनच जातात. घाटाचा रस्ता मोकळा दिसतो आणि पाय आपोआप सैल सुटतो.

४. दोनचाकी ट्रॉलीत माल मागे जास्त झाला तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. फार पुढे झाला तर चढाला ट्रॅक्टरचं तोंड उठतं, स्टिअरिंग हलकं लागतं. चिरे चाकांच्या वर, किंचित पुढे रचायचे. पेंढ्याचं वजन नसतं, पण तो दोन्ही बाजूंनी फुगतो आणि मागचे दिवे झाकतो. मागून येणाऱ्याला मग अंधारात नुसता अंधारच दिसतो.

५. मागे रांग लागली की बाजूला व्हायचं. आपण कुणाचे नोकर नाही, हे खरं; पण मागे अ‍ॅम्ब्युलन्स आहे की बिरवाडीच्या एमआयडीसीतला केमिकलचा टँकर, हे आपल्याला दिसत नाही. थांबायला रुंद जागा बघायची, वळणाच्या तोंडावर नाही. हात दाखवून "जा" म्हणण्याची सवय सोडा. समोरचं आपल्याला दिसतं म्हणून मागच्याच्या ओव्हरटेकची जबाबदारी आपण कशाला घ्यायची? गौरी-गणपतीत चाकरमानी उतरतात त्या दिवसांत मी तर ट्रॉली हायवेला काढतच नाही. वाडीतली कामं वाडीत.

६. मुसळधार पावसाच्या रात्रीही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. पुढचा रस्ता आहे की नाही हेच दिसत नसेल, तर चिरे सकाळी पोचले तरी चालतात.

७. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उलटं चालतं. घाई असेल तर उतरून ट्रॉली सोडवा, हाताने फिरवा. रिकामी असेल तरच.

८. बंद पडलात, तर चाकांना दगड लावा आणि मागे बरंच अंतर सोडून झाडाची फांदी टाका. ट्रॅक्टर चालू झाला की दगड आणि फांदी दोन्ही उचला. हे बहुतेक कुणी करत नाही. रात्री त्याच दगडावर मोटारसायकलवाला आपटतो, आणि तो बहुधा आपल्याच गावचा असतो.