चिडचिड पैशाची, बोलणी लेकराला

आईबाबांनो, जून महिना आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे फार कठीण जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर, कूलर दिवसरात्र सुरू. २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र चंद्रपुरात असलं तरी बिल आपल्याला माफ नाही, आणि ते येतं नेमकं जूनमध्ये. उन्हामुळे विदर्भातल्या शाळाही राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्याच दिवसांत धानाचे पऱ्हे टाकायचे असतात. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं यांची जुळवाजुळव चालू असताना पोरगं येऊन म्हणतं, "मले नवीन दप्तर पायजे." आणि त्याच्या पाठीत धपाटा बसतो.

तो धपाटा दप्तरासाठी नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्याकडे पैसा हंगामाने येतो. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपत्ता मे महिन्यात थोडेच दिवस, धानाचे पैसे दिवाळीनंतर. लेकराची भूक, ताप आणि तुटलेली चप्पल मात्र हंगाम पाहत नाही. खदानीत किंवा पेपर मिलमध्ये ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांचंही तेच. पगार लांबला की दुकानातली उधारी वाढते. कमाई आणि खर्च यांचा मेळ बसत नाही, आणि तो राग घरात सगळ्यांत लहान असलेल्यावर निघतो.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत आईबाप पहाटेच जंगलात जातात. परत आल्यावर सगळं घर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला बसतं. पाच वर्षांचं पोर मदत करायला येतं आणि बांधलेला पुडा सोडून ठेवतं. थकलेल्या माणसाचा तोल जातो, ते समजण्यासारखं आहे. काही खर्च तर आपण धरतच नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडच्या गावांत वाघाची भीती आहे. पोरांना एकटं सोडता येत नाही, शाळेत पोचवायला मोठं माणूस लागतं. कुणीतरी घरी राहतं, त्याची मजुरी बुडते. ताप आला म्हणून तालुक्याला गेलात, तर डॉक्टरच्या फीपेक्षा जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेला रोज जास्त होतो. ही बुडालेली मजुरीही खर्चात धरायला हवी. निदान मग नवरा-बायको एकमेकांना "पैसे गेले कुठं?" असं विचारून भांडणार नाहीत.

आता जे आपल्या हातात आहे त्याबद्दल बोलू. दुकानातल्या दोऱ्यावर लटकणारी चमकदार पाकिटं घ्या. दहाची एक, रोज एक. महिन्याला ३०० रुपये, दोन लेकरं असतील तर ६००. ती खाऊन भूक मरते, मग संध्याकाळी भात-वरण नको होतं, त्यावरून पुन्हा रडारड. त्याऐवजी फुटाणे, मुरमुरे, उकडलेलं अंडं, हंगामात बोरं, टेंभरं, मोहाचे लाडू. यांतल्या बऱ्याच गोष्टी आपल्या रानातल्याच आहेत.

पण बाबांनो, हिशेब फक्त लेकराचाच का? एक खर्रा वीस रुपयांचाच धरा आणि दिवसाला एकच धरा. महिन्याचे ६०० झाले, वर्षाचे ७,३००. बिस्किटाच्या पुड्यावरून घरात बोलणं होतं, खर्र्याच्या पन्नीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. वर त्यात तंबाखू आहे, म्हणजे पुढे दवाखान्याचा खर्चही तोच आणणार. लेकराचा खाऊ कमी करायचा असेल तर आधी खर्रा कमी करा. तरच पोर तुमचं ऐकेल.

जे फुकट आणि चांगलं आहे, ते घ्यायला लाजू नका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २०११ पासून ही पद्धत देशभर आशाताईंच्या हाती आली. आज आशाताई पहिल्या ४२ दिवसांत किमान सहा वेळा बाळाला बघायला येते. तिला दारातून परत पाठवून बाटलीतल्या टॉनिकवर पैसे घालवू नका. जुलाब झाले तर ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या तिच्याकडे विनामूल्य मिळतात. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही. डब्यातल्या दुधाची जाहिरात करायला १९९२च्या कायद्यानेच बंदी आहे, ती उगाच नाही.

तीन वर्षांच्या पोराला कॉन्व्हेंटमध्ये घालायची घाई आता गावागावांत दिसते. फी, व्हॅन, टाय, बूट. आणि घरी आलं की ते पोर थकून रडतं. शेजारच्यांकडे आहे म्हणून आपल्याकडेही हवं, एवढंच कारण असेल तर थांबा. त्या वयाला खेळ, गाणी आणि पोटभर जेवण लागतं. आदिवासी प्रकल्प क्षेत्रातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून अंडं किंवा केळंही मिळतं. मिळत नसेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. पुढे पहिलीसाठी खासगी शाळा हवीच असेल, तर शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांसाठी वेळेत अर्ज करा. १ एप्रिल २०२३ला किंवा त्यानंतर मुलगी झाली असेल आणि घरात पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल, तर लेक लाडकी योजनेची चौकशी अंगणवाडी ताईकडे करा. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये अशी ती रक्कम आहे.

घरात एक साधा नियम करून पाहा. खाऊचा आणि मागण्यांचा एकच दिवस, आठवडी बाजाराचा. त्या दिवशी लेकराच्या हातात ठरलेले पैसे द्या, काय घ्यायचं ते त्याला ठरवू द्या. बाकीच्या दिवशी "बाजाराच्या दिवशी बघू" हे उत्तर ठरलेलं. पहिले काही दिवस ते रडेल, पण शब्द पाळलात तर विश्वास ठेवायला शिकेल. तुम्हीच मधल्या दिवशी रडणं थांबवायला पुडा आणून दिलात, तर नियम त्याच क्षणी संपला.

लेकराला "आज पैसे नाहीत" असं सांगायला लाजू नका. त्याला ते समजतं. "तुझ्यामुळे पैसे उरत नाहीत" असं मात्र रागातसुद्धा म्हणू नका.